पायाचं माप

मार्गशीर्ष लागला की सुभाषनगरात
आधी कातडं बोलायला लागतं.
रात्री टांगलेला पट्टा सकाळी ताठ,
वाकवला की कुरकुरतो,
आणि आईचा खालचा ओठ
हसायच्या आत उलतो.
म्हणून ते दोन महिने ती हसत नाही.
गिऱ्हाइकाला "बसा" म्हणते
नुसत्या डोळ्यांनी.

बाबांचं तोंड मात्र थंडीतच सुटतं.
चप्पल कागदात गुंडाळताना प्रत्येकाला तेच :
"उन्हात वाळवू नका. शेगडीजवळ तर मुळीच नको.
भिजली तर रगडू नका, फडक्यानं टिपा,
आन् जरा दमट हाय तवरच तेल द्या,
कडक झाल्यावर तेल वरच्या वर ऱ्हातंय.
जनावर गेलं म्हणून काय झालं,
कातड्याला तहान असती."

चाळीस वर्षं.
पुण्याच्या लोकांना, हुबळीच्या लोकांना,
एकदा एका जपानी बाईलाही,
जी सगळं ऐकून वाकून नमस्कार करून गेली.

आई पाठमोरी, वेणी विणत.
ओल्या वाद्या, बाभळीची साल, हिरडा,
त्याचं पाणी तिच्या नखांत
आम्ही जन्मायच्या आधीपासून.
हिरडा कातडं राखतो.
मेलेलं.
जित्या हाताशी त्याचं काही देणंघेणं नाही.

तिच्या टाचा मी कधी पाहिल्या नव्हत्या,
ऐकल्या होत्या :
रात्री कूस बदलली की
वाकळेचा एखादा दोरा तट्कन तुटायचा.

मग पौषात एकदा
तयार जोडावर लाल ठिपका सापडला,
रंगाचा नव्हता.

सीपीआरमध्ये लांब रांग.
डॉक्टरीणबाई तरुण, घाईत, पण नीट बोलणारी :
"कढत पाणी नको, कोमट घ्या. साबण कमी.
शेकोटीपुढं बसू नका.
अंग पुसू नका, टिपा,
आणि ओलसर आहे तोवरच मलम लावा.
त्वचा कोरडी झाल्यावर उपयोग नाही."
बाबा टोपी हातात घेऊन उभे होते.
आपलंच वाक्य कुणी
चिठ्ठीवर लिहून परत द्यावं,
तसे बघत राहिले.

त्वचा हा शब्द आमच्या घरात नाही.
कातडं आहे, ते विकायचं.
कातडी आहे, ती आपली.
मध्ये एका वेलांटीचं अंतर,
आणि ते ओलांडायला त्यांना
चाळीस हिवाळे लागले.

लोक सहज म्हणतात,
अंगाच्या कातड्याचे जोडे करून घालीन.
एका जोडाला किती कातडं लागतं
हे म्हणणाऱ्याला ठाऊक नसतं.
बाबांना ठाऊक आहे.
ते असलं कधी बोलले नाहीत.

त्या रात्री त्यांनी पळीत भिरंडेलाचा गोळा वितळवला,
आईचे पाय कोमट पाण्यातून काढले,
रगडले नाहीत, टिपले,
आणि नव्या पट्ट्याला देतात तसं
अंगठ्यानं तेल दिलं, कडेकडून आत.
"गिऱ्हाईक समजलासा व्हय मला?"
आई म्हणाली आणि हसली.
ओठ उलला. तरी हसत राहिली.

बाबांनी पेन्सिल मागितली.
जुन्या बिलाच्या पाठीवर तिचं पाऊल ठेवलं.
आजवर ती घालायची
कान वाकडा झालेले, जोड न जुळलेले,
कुणी परत आणून टाकलेले.
पेन्सिल टाचेशी आली की भेगेत अडायची,
रेघ तिथं तिथं तुटली.
त्यांनी ती खोडून सरळ केली नाही.
"रुंदीला जरा जास्त धराय पायजे,"
एवढंच, स्वतःशी.

संक्रांत गेली. जोड अजून झालेला नाही,
लग्नाच्या ऑर्डरी आहेत.
कागद रापीखाली दाबून ठेवलाय.
टाचेजवळचा तेलाचा डाग
रोज थोडा सरकतो,
आता चवड्यापर्यंत आलाय,
आणि तेवढ्या भागातून
खालची फरशी दिसते.