चौदा दिवसांची मुदत

आज अकरावा दिवस.
पडद्याच्या कोपऱ्यातून ते अदबीनं सांगतं:
चाचणी संपायला तीन दिवस उरले.
विजेच्या बिलाचीसुद्धा इतकी गोड वाणी नसते.

तुर्भ्याच्या शीतगृहावर, दुसऱ्या मजल्यावर आमचं खातं:
मी, झिया मुकादम, आणि एक सर्व्हर
ज्याला एसीत ठेवून आम्ही पंख्याखाली बसतो.
खाली उणे अठरात मटार झोपलेत,
पलीकडे बेदाणा, चिंच, लाल मिरचीची पोती;
त्या सगळ्यांची नावं, वजनं, मालक, थकलेली भाडी
माझ्याकडे, बेचाळीस तक्त्यांत.

चंद्रहासशेठ म्हणाले, हे हत्यार म्हणजे नक्की काय?
मी म्हटलं, गोदामातला टॉर्च.
माल तुमचाच असतो, फक्त दिसायला लागतो.
टॉर्चला डॉलर? दर माणशी, दर वर्षी? वर जीएसटी?
आणि चष्मा वर सरकवून त्यांनी
माझ्याकडे असं पाहिलं
जणू मीच ती किंमत छापली होती.

मग वही काढली.
महागडं देखणं आहे, खोटं कशाला बोलू;
तक्त्यातक्त्यांतली सोयरीक बाण काढून दाखवतं,
अर्धा शब्द टंकला की उरलेला पुढे करतं,
जुनं-नवं शेजारी मांडून फरक रंगवतं.
फुकटातलं उघडायला चहा संपेपर्यंत वेळ घेतं
आणि शनिवारी दुपारी, न सांगता, मिटून जातं.
पण त्याला कुणी मुदत घातलेली नाही.
सानपाड्याचा एक जण पेनड्राइव्ह घेऊन आला होता,
म्हणाला, तेच महागडं, चहापाण्यात देतो.
चोरीच्या किल्लीनं आपलंच कुलूप उघडायचं?
त्याला मी चहाच पाजला.

गेल्या वैशाखात झियाच्या हातून अट राहिली.
अर्धीच ओळ, आणि बोट एंटरवर.
सहा हजार एकशे बारा पेट्या
एका श्वासात जुन्नरच्या ठकारांच्या झाल्या.
पोरगी पांढरी पडली. मला म्हणाली, मॅडम, आंबे.
एवढंच. आंबे.
रात्री दोनची प्रत होती, ती चढवली.
दोननंतर सकाळपर्यंत आलेले नऊ ट्रक कुठल्याच प्रतीत नव्हते,
ते निघाले गेटवर, अनंता मढवींच्या रजिस्टरात,
निळ्या बॉलपेननं, गाडीनंबरासकट,
एका ठिकाणी चहाचा डाग, तरी वाचता येणारे.
ठकारांना कधी कळलंही नाही
की चार तास ते तुर्भ्यातले सर्वांत मोठे आंबेवाले होते.

महागडं अशा वेळी विचारतं:
अट दिसत नाही, सगळ्या ओळी बदलायच्या? नक्की?
त्या एका प्रश्नाची किंमत मी वहीत लिहू शकले नाही.
आकडा सुचेना, तर रेघ मारली.

आता पत्र तयार आहे, शेठच्या टेबलावर जाईल.
परवाना एकच, झियाच्या नावानं.
मला नको; माझी काळी खिडकी आहे,
सोळा वर्षांची सवय, ती काही विचारत नाही,
म्हणून मीच स्वतःला दोनदा विचारते.
वाचलेल्या पैशांत दुसरी डिस्क,
जी या इमारतीत राहणार नाही; ऐरोलीला, माझ्या कपाटात.
आणि दर महिन्याला एक प्रत खरोखर चढवून बघायची.
न उघडलेल्या डब्यात लोणचं आहे
असं आपण फक्त म्हणत असतो.

निघताना गेटवर थांबले.
मढवी, यादी जातेय, तुम्हाला काही हवं?
ते थोडा वेळ ट्रकचे टायर बघत राहिले.
म्हणाले, छापील रेघांचं रजिस्टर मिळालं तर.
हे कोरं असतं. आखून आखून पट्टी झिजली.

वर परत गेले. तिसरी ओळ घातली.
एकशे ऐंशी रुपये, जीएसटीसह.