गोळीबार चौकातला नकाशा

निनावे टेलर्सच्या कापायच्या टेबलावर
फेब्रुवारीपासून एक देश पडलेला आहे.
नदी निळ्या खडूची, डोंगर म्हणजे बॉबिनचा डबा,
आणि मधून जाणारी पांढरी रेघ
रोज सकाळी पेपर आला की भाऊजी पुसतात
आणि बोटभर पुढेमागे पुन्हा ओढतात.

मी कोपऱ्यात, पाटावर. काज, बटणं, साडीचा फॉल.
अठरा वर्षांत ह्या दुकानात
मला कोणी मत विचारलेलं नाही,
त्यामुळे मला सगळं ऐकू येतं.

त्या गावांची नावं कोणाच्या तोंडात बसत नाहीत.
डोंगरे मास्तर अक्षरं सुटी करून वाचतात.
हेडाऊ म्हणतो, सोडा ना मास्तर,
आपण त्याले तुमसर म्हणू.
मग तुमसर पडलं. रामटेकला वेढा पडला.
कन्हानचा पूल उडवला म्हणे रात्री,
आणि सुई माझ्या बोटात गेली,
माझी बहीण राहते कन्हानला.

पुलावरूनच भांडण पेटलं.
"त्यायनंच उडवला, सोताचा."
"काहून उडवतीन बे सोताचा पूल?"
"पॉलिटिक्स आहे ते. तुले नाही समजत."
आयुष्यात समुद्र न पाहिलेली दोन माणसं
नंतर एका बंदरावरून आठ दिवस बोलली नाहीत.
चहा मात्र यायचा दोघांचाही,
दोन वेगळ्या टपऱ्यांवरून.

आमच्याच चौकाचं नाव गोळीबार.
कोण्या काळी कोणी कोणावर झाडल्या,
ते ह्या टेबलावर कोणी कधी काढलं नाही.

माजिदभाई भंगारवाले एवढंच विचारतात,
तांब्याचा भाव चढेल का?
सगळे हसतात.
मला त्यांचाच प्रश्न सरळ वाटतो.

मे आला. कुलरच्या वाळ्यावर पाणी मारता मारता
शुक्रवारी तह होणार असं ठरलं.
भाऊजींनी खडू कानावर ठेवला आणि वाट पाहिली.
शनिवारी तह मोडला.
हेडाऊ पैज हरला, समोसे आणले.
गरम होते. मीही दोन खाल्ले.

मी बोलले ते एकदाच.
म्हटलं, तिथं टेलर असतील का हो?
सगळे वळून पाहायला लागले,
जशी शिलाई मशीनच बोलली.
"असतीनच ना वं," भाऊजी म्हणाले, आणि पान उलटलं.

त्या पानावर फोटो होता.
इमारतीची एक बाजू गेलेली,
चौथ्या मजल्यावरची खोली उघडी, कपाटासारखी.
त्यांनी खाली उभा रणगाडा पाहिला:
कोणाच्या बनावटीचा, कोणी दिला, किती कोटींचा.
मी पडदा पाहिला.
खिडकी नव्हती, पडदा होता.
चष्मा पुसून पेपर नाकाशी धरला.
छपाईत टाका काय दिसणार,
पण कड कशी लोंबते त्यावरून कळतं,
तुरपाई हाताची होती.
एका कोपऱ्यात जरा सैल.
लाइट गेली असेल, नाहीतर पोर रडलं असेल.
माझीही तिथंच सैल पडते.

जूनमध्ये गणवेशांचे तागे आले, दोन शाळांचे.
टेबल लागणार होतं.
भाऊजींनी ओल्या फडक्यानं देश पुसला,
नदी लगेच गेली,
रेघ पुरती गेली नाही.
निळ्या स्कर्टच्या उलट्या बाजूला
वीतभर उमटली ती, मी पाहिली.
झटकली नाही. दुमडून आत घेतली,
वरून तुरपाई केली, कोपऱ्यातही घट्ट.
पाचवीतली कोणी पोर ती नेसून कवायत करेल,
पहिल्या धुण्यात निघून जाईल.

संध्याकाळी डोंगरे मास्तर आले.
रिकाम्या टेबलाकडे पाहत राहिले,
पिशवी ह्या हातातून त्या हातात.
"संपलं का?"
भाऊजींनी कात्री थांबवली नाही.
"नाही. पण शाळा सुरू होऊन राह्यल्या."