मानस

पणजीच्या सभागृहात, शाल न आणल्याचा पश्चात्ताप करत
मी दोन तास ऐकलं : सभ्यता म्हणजे काय.
चाक, लिपी, नगररचना, सांडपाणी.
वक्त्याने बाटलीतलं पाणी अर्धं पिऊन तसंच ठेवलं.
निघताना प्रत्येकाला काजूची पुडी.

माझं काम पुराभिलेखात. मोडी लावायची,
कसरीने खाल्लं असेल तिथे चौकोनी कंस घालायचा.
त्या आठवड्यात मंडूरच्या गावकारीचं एक पान होतं हाती :
‘मानशीचें दार नवें केलें. लांकूड माडत.
विठू चारी यास नारळ चाळीस, भात कुडव दोन.
चिखल वाहणार असामी बारा.’
सुताराचं नाव आहे. गावकारांची आहेत, वांगडासकट.
बारांची नाहीत.
तिथे कसरसुद्धा लागलेली नाही.

बोस्तियांव मला बांधावर घेऊन गेला रात्री अडीचला,
कारण ओहोटी कुणाच्या सोयीने लागत नाही.
डावीकडे खारं पाणी, उजवीकडे पोटरीतलं कोरगुट,
मध्ये हातभर माती. बोलायचं तर
मागे वळायचं नाही, पाठीशी बोलायचं.

मराठीत मानस म्हणजे मन. इथे मानस म्हणजे दार.
मला वाटलं होतं कप्पी असेल, साखळी असेल.
दोन फळ्या निघाल्या.
भरती आली की पाणीच दार लोटतं
आणि स्वतःला बाहेर ठेवतं.
ओहोटीला आतलं पाणी तेच दार ढकलून
न विचारता निघून जातं.
हे ज्याला सुचलं
त्याने कुठेतरी सही करायला हवी होती.

मग तू कशाला, मी विचारलं.
तो कमरेइतक्या पाण्यात, हात फटीत खांद्यापर्यंत.
बाहेर आली एक रबरी चप्पल, डाव्या पायाची.
हिच्यासाठी, म्हणाला.
गेल्या साली अशीच एक अडकली,
तीन दिवस कुणी बघितलं नाही,
खालचे चार कुणगे मीठ झाले.
शिवाय कुर्ल्या बांध पोखरतात.
पण बीळ बुजवण्याआधी तो काठीने ठोकतो
आणि थोडा थांबतो.

वेळ जावा म्हणून मी त्याला सभागृहातलं सांगितलं.
चाक.
मागीर?
लिपी.
मागीर?
शहरं, राज्यं, मोठमोठे घाट.
मागीर?
त्यात टोमणा नव्हता. जाळं वर येताना
आत काय आहे ते विचारावं, तसं.
मागीर ती बुडतात, मी म्हटलं.
तो पेंढा चिखलात कालवत राहिला.
‘दारावर कोण होतं?’

पलीकडचं खाजन सात वर्षं पडीक आहे.
मालक लिस्बनला, कूळ दुबईला, बांध फुटलेला.
तिवरं आली, त्यांच्यामागून बगळे.
उजाडताना मी बराच वेळ तिकडे बघत होतो
आणि लपवत कशाला,
ते आमच्या बाजूपेक्षा सुंदर दिसत होतं.
त्याला ना मानस लागते, ना बोस्तियांव, ना मी.
हे सभागृहात कुणी म्हटलं नव्हतं.
माझ्याकडेही याला उत्तर नाही.
एवढंच, की अंगाला चिखल लागलेला एक माणूस
त्याच वेळी खिशातून कालचा पाव काढून
अर्धा माझ्यासमोर धरत होता,
आणि मला भूक होती.

चिखल त्याचा बापही वाहायचा. इनास.
त्याचा बाप, पेद्रू. त्याच्यामागे?
त्याने खांदे उडवले. होते ना, कोण तरी होतेच.

सोमवारी नक्कल करताना
‘असामी बारा’पुढे मी कंस उघडला, आणि मिटवला.
आत काही नाही.
नियमाने ही चूक आहे, कागद तिथे फाटलेला नाही.
साहेब खोडतील.

चप्पल त्याने धुऊन बांधावर ठेवली होती,
दगडाखाली, वाऱ्याने जाऊ नये अशी.
कुणाची असेल तर येईल, म्हणाला.