भविष्यकाळ, दुसरा मजला

दांडिया बाजारात, सेव-उसळीच्या दुकानावर
आमचा वर्ग. जिना अरुंद,
वर चढेपर्यंत तर्रीनं डोळ्यांत पाणी येतं.
फळ्यावर मी लिहिते : फ्यूचर.
आणि लगेच खाली :
इंग्रजीला स्वतःचा भविष्यकाळ नाही.

उर्वीश दचकतो. त्यानं फी भरलीय,
मे महिन्यात टोरांटो, वडिलांनी मांडवीतला गाळा विकायला काढलाय.
"तो पछी शुं, मॅडम?"

मग काय, उसनवारी.
विल म्हणजे मुळात इच्छा. तिच्याकडून घेतलं.
गोइंग टू म्हणजे चालायला लागणं. पायांकडून घेतलं.
विमान रात्री दोनला सुटतं, हा साधा वर्तमान,
वेळापत्रकाला शंका येत नाही म्हणून.
शुक्रवारी मी भावाला भेटतेय, हा चालू वर्तमान,
कारण भावाला फोन करून झालाय.
शॅल आता कोर्टाच्या कागदांत राहतो,
परीक्षेला तो येत नाही.

खिडकीतून चहा सांगितला
की खालून पोरगा ओरडतो, "आ आव्यो!"
आपलंही तेच. आलोच!
भूतकाळात बोलायचं
आणि वीस मिनिटांनी उगवायचं,
हातात कोमट कप.
हे कुठल्या नियमात बसवू, विचारते.
वर्ग हसतो.

शेवटच्या बाकावरची सुलभा घोरपडे हसत नाही.
सयाजी हॉस्पिटल, मेल मेडिकल वॉर्ड,
रात्रपाळी करून सरळ इथे,
पांढऱ्या साडीवर मुलीचा शाळेचा स्वेटर.
आयर्लंडला नर्स हव्यात.
डोकं भिंतीला टेकलेलं, डोळे मिटलेले.
तिला जागं करायचं म्हणून विचारलं,
सुलभा, विल आणि गोइंग टू, फरक सांग.

पुस्तकात उदाहरण आहे :
आभाळ काळं झालंय, म्हणून गोइंग टू.
पुरावा समोर दिसत असेल तर.
मी तेच ऐकायला तयार होते.

डोळे न उघडता ती म्हणाली,
"नखं निळी पडली की गोइंग टू.
बाहेर बाकड्यावर त्याची बायको बसलेली असते,
डबा मांडीवर.
ती विचारते, बरे होतील ना?
तिला सांगतो, ते विल."

पंख्याचा आवाज एवढा मोठा आहे
हे मला अकरा वर्षांत कळलं नव्हतं.
"मॅडम," उर्वीशनं विचारलं,
"हे वहीत लिहायचं?"

मार्चमध्ये पूर्ण भविष्यकाळ शिकवला.
अमुक वेळेपर्यंत तमुक झालेलं असेल,
पाच वाक्यं करून आणा.
इतरांनी घरं बांधून झाली, कर्जं फेडून झाली.
सुलभानं एकच आणलं :
पुढच्या दिवाळीपर्यंत रेवाला
माझ्याशिवाय झोपायची सवय झालेली असेल.
काळ अचूक. कर्ता, क्रियापद, सगळं जागच्या जागी.
मी बरोबरची खूण केली.
तेवढ्याचेच पैसे घेते मी.

जूनमध्ये पेढे घेऊन आली.
चप्पल घालताना दारातून म्हणाली,
"येते, मॅडम."
निघाली होती ती डब्लिनला
आणि क्रियापद होतं येण्याचं,
काळ वर्तमान.
आपल्यात जाते असं कुणी म्हणत नाही.
म्हटलं तर मागून कुणीतरी ओरडतं,
अगं, येते म्हण!

मी म्हटलं, "ये."
आज्ञार्थ. त्याला काळ विचारत नाहीत.

उर्वीशचा अर्धा बँड हुकला.
तो सोमवारपासून पुन्हा येतोय.
चालू वर्तमान, कारण फोन आलाय.
फी मात्र
देईन म्हणालाय.