धसकटं

सिंदेवाहीच्या स्टँडमागं माझं दुकान, साडेचार फूट रुंद.
मोबाईल दुरुस्ती, झेरॉक्स, धान बोनसचे फॉर्म.
मंसाराम नन्नावरे आले
तेव्हा फोन त्यांनी दुपट्ट्याच्या टोकाला बांधला होता,
गावठी अंडी आणावीत तसा.

"एक फोटू गेला गा, पोरा. निंगते का?"

केव्हा गेला?
"मंडई झाली, त्याच्या आठ दिसानं."
त्यानंतर किती काढले?
"मी कायले काढतो. नातू काढते. बकरीचे."

मी समजावलं, सगळ्यांना समजावतो तसंच:
पुसलं म्हणजे लगेच पुसत नाही, बाबाजी.
धान कापला तरी बांधीत धसकटं राहतात ना,
फोन नुसता म्हणतो, ही बांधी मोकळी.
वरून लाखोळी उगवली की मग संपलं.

त्यांनी फोनकडे पाहिलं.
"लाखोरी तं पेरलीच असन."

केबल लावली.
लाइट गेली. आली. पुन्हा पहिल्यापासून.
रात्री दहाला पडदा भरला,
चार हजार दोनशे सोळा.
नावं नाहीत, तारखा नाहीत, नुसते आकडे.
शुभ सकाळ लिहिलेली गुलाबाची फुलं,
सातबारा, तोच सातबारा तिरपा,
मानमोडीनं पांढऱ्या पडलेल्या लोंब्या,
चिखलात वाघाचा पंजा आणि मापाला शेजारी ठेवलेली चप्पल,
कुणाचा तरी अंगठा, मागं सगळं काळं,
बकरी.
बकरी.
हलली म्हणून पुन्हा बकरी.

मी म्हातारा शोधत होतो.
टोपी, पांढरी मिशी, फार तर हातात हारतुरे.
दोनदा वरून खाली गेलो.
नव्हता.

सकाळी विचारलं, फोटोत आहे तरी कोण?
ते समोरच्या भज्यांच्या कढईकडे बघत राहिले.
"बाई हाये."
कोण बाई?
"मीच."

मग स्टूल ओढून बसले, आणि आवाज खाली आला.
दंडारीत चाळीस वर्सं राणीचं काम केलो,
तीन गावच्या बाया लुगडं नेसाची रीत माजी पाहून शिकल्या,
यंदा शेवटचं होतं, गुडघे बसले,
तं मास्तरच्या पोरानं मंडपामागं एक काढून देल्लन.
मंग नातीले पाहाले पावने आले.
फोन हातोहात फिरून रायला होता,
बकरी पाहा, वाघाचा पंजा पाहा.

आणि पुसला कोणी?

"चहा पेत होते ते.
मीच दाबलो बोट."

दोन हजार नऊशे सातवर ती होती.
हिरवं लुगडं, पदर डोक्यावरून,
नाकात नथ, डोळ्यांत काजळ जरा जास्तच,
बल्बकडे न बघता बाजूला कुठंतरी बघणारी.
रात्री मी तिच्यावरून दोनदा गेलो होतो,
कुणाची तरी आत्या असेल म्हणून.
मिशी नव्हती. हनुवटी तीच.

गुडघ्यापासून खाली मात्र सपाट करडा रंग.
तिथं बकरी उगवली होती.
म्हटलं, बाबाजी, खालचं नाही निघत,
तेवढं कायमचं गेलं.

त्यांनी बोट काचेजवळ नेलं, लावलं नाही.
"जाऊ दे. गुडघे तं तसेच गेले होते."

फोनमध्ये टाकून देऊ? नको.
प्रिंट काढू? नको.
"तुज्या कंपुटरमंदी राहू दे.
नातीचं होऊन जाऊ दे एकडाव."

आता बाजाराच्या दिवशी येतात.
कांदे पायाशी ठेवतात.
गिऱ्हाईक असलं तर बाहेरच थांबतात,
नसलं की मी न विचारता ती उघडतो
आणि दुसऱ्या कुणाच्या फोनची पाठ खोलत बसतो.
फाइलला नाव दिलं नाही मी, आकडाच आहे.
पाच मिनिटं, कधी दहा.
पैसे घेत नाही म्हणून दोन कांदे ठेवून जातात.

उठताना दुपट्टा डोक्यावरून ओढून घेतात,
एक काठ दातांत धरून.
"ऊन लागते," म्हणतात.
पौष महिना.