खोगीर

मर्जानच्या चढावर, इस्तंबूलच्या कापडबाजारात,
वक्कासला सगळे ओळखतात ते पाठीवरून.
चेहरा कोणी पाहिलाय?
वाकलेल्या माणसाचा चेहरा दिसतो फरसबंदीला
आणि मांजरांना.

मी हिशेबनीस. स्टुलावर बसतो.
गाठ, वजन, मजला, मजुरी.
एकोणीस वर्षं त्याचं ओझं मी लिहितोय.
माझ्या पेन्सिलीला वजन जवळजवळ नाहीच,
तरी तहसीन बे मला 'एफेंदी' म्हणतात
आणि त्याला, 'ए.'

त्याच्या पाठीवर चामड्याचं खोगीर,
आत पेंढा, बापाच्या घामाने काळवंडलेला.
बाप आदियामानहून आला तेव्हा
हमालीची जागा विकत घ्यावी लागली होती.
दोन खेचरं विकली, खोगीर घेतलं.
हे सांगताना वक्कास हसतो.
मी हसायचो नाही; हुद्द्याला शोभत नाही, असं वाटायचं.

"दस्तूर!" तो खालून ओरडतो.
आमच्या बाजारात त्याचा अर्थ, वाट द्या.
आणि वाट मिळते.
चहावाल्याचं हेलकावणारं तबक,
नवरीच्या आईच्या पिशव्या,
बँकेचा मॅनेजरसुद्धा भिंतीला चिकटतो.
ओझ्याला मान आहे या शहरात.
ओझं उतरलं की
मान त्याच्याबरोबर दुकानात राहतो
आणि माणूस रिकामा जिना उतरतो.

गेल्या ऑक्टोबरात, एका मंगळवारी,
दुकानात एक म्हातारा आला.
करडा कोट, ताजी दाढी, हातात लिफाफा.
तहसीन बे उठून उभे राहिले.
"यावं, बसावं. आपण बुर्साचे का?"

आपण!
माझी पेन्सिल थांबली.
म्हातारा खुर्चीच्या अगदी कडेवर टेकला,
जणू खुर्चीला आपला भार नको.
चहा आला, बारीक कमरेच्या पेल्यात,
बशीत साखरेचे दोन खडे, आणि वर एक तिसरा.
तहसीन बेंनी स्वतः ठाण उलगडलं.
"हात लावून बघा. इटलीची लोकर."
त्याने हात लावला.
तो कापड ओळखतो, पण बोटांनी नाही, मणक्याने.
कोरडी गाठ साठ किलो,
पावसात भिजली तर सत्तर.
"चांगलं आहे," म्हणाला. "जड आहे."

तो कोण, मला ठाऊक होतं.
मी बोललो नाही.
का, ते अजून नीट सांगता येत नाही.
कदाचित चहा संपेपर्यंत
त्या 'आपण'ला धक्का लावायचा नव्हता.
कदाचित बघायचं होतं, किती टिकतो.

त्याने लिफाफा टेबलावर ठेवला.
"मुलाचं लग्न आहे, बे. झुलकुफचं,"
म्हणाला, आणि जायला वळला.
पाठ दिसली.
ती आतून कोट उचलत होती,
वर काहीच नसताना
कशाला तरी आधार देत होती.

"अरे, तू?"

तीन अक्षरांवरचा माणूस
एका अक्षरावर आला,
कोणी ढकललंही नाही.
वक्कास वळला नाही. "मीच, बे. उद्या सातला येतो."

तहसीन बे वाईट माणूस नाहीत.
लग्नाला सोन्याचं नाणं पाठवलं, माझ्याच हाती.
पण त्या संध्याकाळी मी विचारलं,
चहाचे पैसे कुठे लिहू,
गिऱ्हाइकाच्या रकान्यात की हमालीच्या?
ते बराच वेळ लिफाफ्याकडे बघत राहिले.
"लिहू नकोस," म्हणाले.

नकोस.
एकोणीस वर्षं ते मला असंच म्हणत आले असणार.
'एफेंदी'च्या मागे ते
मला कधी ऐकूच आलं नव्हतं.

बुधवारी सातला जिन्यातून आवाज आला,
दस्तूर!
मी उठलो, स्टूल उचललं, भिंतीला लागलो.
गाठ माझ्या तोंडासमोरून वर गेली,
गाठीखाली एक चेहरा होता,
घामेजलेला, माझ्याकडे बघणारा.
मी मान हलवली.
हातातलं स्टूल जड होतं.