डांगरवाडी, कन्हान

पाणी सरकलं की बाप पात्रात जागा आखतो,
पावलांनी. सातबारा नाही.
पुराने बांध नेला तरी
झिबल मारबतेला ठाऊक असतं तो कुठे होता.

वाळूत हातभर खड्डा, मूठभर शेणखत,
डांगराच्या तीन बिया.
वर पुलावरून कोळशाची मालगाडी;
माय डबे मोजते, सवयीने,
अठ्ठावन्न, एकोणसाठ,
आणि मध्येच विसरते.

पैलतीरी कामठी.
आजा सांगे, तेव्हा मागांचा रंग नाल्यातून यायचा,
जाळ्यात मुरी मासोळी निळी निघाली
की समजायचं, मोमिनांच्या घरी
आज कोणत्या लुगड्याचं सूत उकळलं.
छावणीतला गोरा खानसामा पाठवायचा मासे घ्यायला,
निळे परत करायचा.

आता इद्रीसचाचाचा एकच माग खटखटतो,
दुपारी, वारा इकडचा असला तर.

यंदा आखलेली चार पावलं
ट्रकवाल्यांनी रात्रीतून नेली, वाळूसकट.
बाप काठावर उभा राहिला,
मग उजवीकडे सरकून पुन्हा एकपासून मोजायला लागला.

खापरखेड्याची राख वेलांवर बसते.
गिऱ्हाईक बोट फिरवून विचारतं, भुरी पडली का वो?
माय म्हणते, नाही बाप्पा,
तुमच्या घरची लाईट आहे.

मी त्याच राखेच्या पाळीवरून येतो सकाळी,
सायकल पुलाखाली टेकवतो.
ती काही बोलत नाही.
ओलं फडकं फेकते माझ्याकडे,
घे, तूच पूस.

पुसतो.
खालून हिरवे पट्टे निघतात,
एक, मग दुसरा.